भावाच्या अंगाला खिडकी

वहिनीच्या घराची पूर्वेची भिंत आणि माझ्या घराची पश्चिमेची भिंत यांच्यामध्ये एक वीत जागा आहे. पावसाचं पाणी वाहून जावं एवढीच. मांजर त्यातून जातं, माणूस जात नाही. एवढ्या अंतरावर आमची यमुना वहिनी भाद्रपदातल्या एका सकाळी गेली, आणि मला ते कळलं रेशनच्या दुकानात, रॉकेलच्या रांगेत उभा असताना. मागचा एकजण म्हणाला, "तू हितं काय करतंस? तुजी वहिनी गेली ना." मी डबा तिथंच ठेवून निघालो. आमच्या दोन घरांची दारं वेगवेगळ्या गल्ल्यांत उघडतात, त्यामुळं देवळाला वळसा घालून जावं लागतं. तेवढ्या वाटेत मी दोनदा थांबलो. पाय चालत नव्हते असं नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, एवढाच प्रश्न होता, आणि तो पाच वर्षं जुना होता.

पेपरच्या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात ती माणसं काहीतरी करून गेलेली असतात. वहिनीचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, तिच्या लग्नाच्या पत्रिकेत. मीही काही लिहिणारा नव्हे. मॅट्रिक झालो आणि मिठागरावर मुनशी म्हणून चिकटलो, मिठागर बंद होईपर्यंत तिथंच होतो. पण तिच्याबद्दल जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगायची वेळ मी घालवली, म्हणून कागदावर उतरवतोय. वाचणाऱ्यांनी कंटाळा केला तरी माझी तक्रार नाही.

आमचं घर घणसोली गावातलं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मिठाच्या ठेक्यावर चार पैसे मिळवले तेव्हा ते बांधलं. दगडी जोतं, दीड हात जाडीच्या भिंती, पुढं कमानीची पडवी. आजूबाजूला तेव्हा कुडाची घरं होती, म्हणून गाव त्याला बंगला म्हणू लागलं आणि आम्हीही म्हणू लागलो. बंगला नावाचा, आत भरदुपारी दिवा लागायचा. पश्चिमेला आणि दक्षिणेला चुलत्यांची घरं चिकटलेली. उत्तरेला पडवी, तिची पाखी इतकी खाली उतरलेली की उंच माणसानं वाकूनच आत यावं. वर भाताचा माळा. राहिली पूर्व. त्या बाजूला आमचं खळं होतं, भात झोडपायची मोकळी जागा, आणि खळ्यापलीकडं थेट खाडीपर्यंत शेतं. उजेड यायचा तर तिथूनच. आणि आबांनी तीच भिंत आंधळी बांधली, एक झरोकासुद्धा ठेवला नाही. कारण खळं त्यांनी धाकट्याच्या, म्हणजे माझ्या, नावावर ठरवून ठेवलं होतं, आणि बंगला थोरल्याच्या, दादाच्या. आमच्याकडं रीत आहे, भावाच्या अंगाला खिडकी ठेवायची नाही. आज ना उद्या भाऊ तिथं घर बांधणार. खिडकी असली की ती बुजवताना भांडण होतं, आणि दोन भावांची भांडणं मग त्यांची नातवंडं चालवतात. आबा शहाणे होते. त्यांनी भांडणाच्या जागी अंधार पत्करला.

वहिनी त्या अंधारात सत्तरच्या आसपास आली. तिचं माहेर जासईचं. घर साधंच होतं, पण गावाच्या टोकाला, चारी बाजूंनी उघडं. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ती तीनदा उंबऱ्याला ठेचकाळली. तांदूळ निवडायला सूप घेऊन ती खळ्यात येऊन बसायची, कारण आत बसून निवडले की भातात खडे यायचे आणि आबा जेवताना खडा बाजूला काढून ताटाच्या कडेला असा ठेवायचे की सगळ्यांना दिसावा. एकदा ताटाच्या कडेला तीन खडे झाले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आबा, घरान उजेर नाय तर खरे दिसतील कसं?" आमच्या बोलीत ड चा र होतो आणि ळ चा ल. आबांना सुनेनं उलट बोललेलं खपायचं नाही, पण त्या दिवशी ते हसले. हसले, तरी भिंत भिंतच राहिली. ती दहा वर्षं ती सूप घेऊन बाहेर येत राहिली. पावसाळ्यात चार महिने पडवीच्या कडेला, अंगावर शिंतोडे घेत.

आबा गेले त्यानंतरच्या दिवाळीत वहिनी वाशीला तिच्या मावसभावाच्या नव्या ब्लॉकमध्ये जाऊन आली. दोन खोल्यांचा ब्लॉक, पण खिडक्या भिंतभर. तिथून आली ती वेगळीच. तिसऱ्या दिवशी जेवताना दादाला म्हणाली की आपण घर नवं करायचं. दादा कारखान्यात फिटर होता, हातात नट-बोल्ट असला की खूश असणारा माणूस. लाद्या घालू, रंग काढू, उभ्याचा ओटा करू, सगळ्याला तो हो म्हणाला. पूर्वेच्या भिंतीचा विषय निघाला तेव्हा मात्र ताटावरून उठला. "आबांनी ती भिंत तशी ठेवली ती काय येरेपना म्हनून?" असं म्हणून हात धुवायला गेला.

म्हणून ती माझ्याकडं आली. मी लग्नानंतर चुलत्यांकडच्या एका खोलीत वेगळी चूल मांडली होती; त्या दिवशी खळ्यात भात वाळत घालत होतो. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, त्या भिंतीला तीन खिरक्या पारायच्या म्हंते मी. खलं तुमचं हाय. तुमी सांगा." दहा वर्षांत तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मला फार बरं वाटलं. मोठेपणा घ्यायला कुणाला आवडत नाही? मी म्हणालो, "खुशाल पार वहिनी. खलं काय पलून जातंय?" आज मला त्या वाक्याची लाज वाटते, पण त्या दिवशी ते मी मनापासून बोललो होतो. शेतं नव्या शहरासाठी घेणार असल्याची नोटीस आमच्याकडं कधीच येऊन पडली होती. ती आबांनी देवघराच्या फळीवर ठेवली होती आणि त्यावर धूळ बसली होती. नोटीस आल्यानंतरही आम्ही दर वर्षी लावणी करत होतो, दर वर्षी भात येत होतं, मग कागदावर विश्वास कोण ठेवणार? भात येतंय तोवर जमीन आपली, असं सारं गाव समजत होतं. मीही त्याच गावचा.

माझा होकार आहे म्हटल्यावर दादाही अडून बसला नाही. गावातले हिराजी मिस्त्री कामाला होते. त्यांनी वहिनीला माझ्यासमोरच सांगितलं, "भावाच्या अंगाला खिरकी बरी नाय, येमुना. निदान लिवून तरी घे." ती हसली. म्हणाली, "घरच्या मानसाकरून काय लिवून घ्याचं?" हिराजींनी मान हलवली आणि पहार घातली. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. खिडक्यांवर छज्जा काढला नाही. छज्जा म्हणजे भावाच्या जागेत बाहेर आलेलं बांधकाम, ते मी करणार नाही, म्हणाले. त्यामुळं पावसात त्या तिन्ही खिडक्यांतून पाणी आत यायचं आणि वहिनी फडकं घेऊन पुसत बसायची. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, पानी पुसता येतं.

घर झालं ते मात्र बघण्यासारखं झालं. खाली मोझॅकच्या पांढऱ्या लाद्या, भिंतींना फिकट पिवळा डिस्टेंपर, धुरानं काळ्या झालेल्या तुळया घासून पॉलिश केलेल्या. स्वयंपाकाला उभ्याचा ओटा. आणि पूर्वेला कमरेपासून वर डोक्याच्याही वर जाणाऱ्या तीन खिडक्या, काचेच्या तावदानांच्या, गज बाहेरच्या अंगाला. सकाळी सूर्य खाडीवर आला की हॉलमध्ये पार समोरच्या भिंतीपर्यंत ऊन यायचं. वहिनी त्याला हॉलच म्हणायची, माजघर म्हटलेलं तिला चालायचं नाही. सुरुवातीला गावातल्या बायका नुसत्या बघायला येत, मग सूप घेऊन येऊ लागल्या, मग शिवणकाम घेऊन. लग्नाच्या मुली दाखवायच्या तर त्याही तिच्या हॉलमध्ये, कारण तिथं मुलगी उजळ दिसते असं ठरून गेलं होतं. माझी बायको कुसुम म्हणायची, त्या खिडक्यांनी गावातल्या निदान चार काळ्या पोरी उजवल्या. मी खळ्यात असलो की वहिनी मधल्या खिडकीतून चहाचा कप बाहेर देई आणि मी भिंतीला टेकून मोठ्यानं पेपर वाची. ती आत शिवणाच्या मशीनवर, मी बाहेर. गावात कुणाची भावकी नीट चालत नव्हती, आमची चालत होती, आणि त्याचं श्रेय मी माझ्याकडं घेत असे.

अशी पाच वर्षं गेली... मग नोटीस खरी निघाली. एका हिवाळ्यात शेतांवर मशीनं आली, आणि बांध कुठं होते ते आमच्याच माणसांना सांगता येईना. पाठोपाठ मिठागर बंद झालं. मी पस्तिशी ओलांडलेला, तीन मुलींचा बाप, मिठाशिवाय दुसरं काही न येणारा. नोकरी लागेल म्हणून ज्या ऑफिसात जाऊन बसायचो तिथं बसायला बाक मात्र चांगला होता. मला उरलं होतं ते खळं. झोडपायला भात नसलेलं खळं. तेवढ्या काळात सगळं गाव एकच गोष्ट करत होतं, मिळेल त्या जागेवर खोल्या काढत होतं. कारखान्यांत बाहेरगावची माणसं येत होती, त्यांना भाड्यानं खोल्या हव्या होत्या. कुसुम एके दिवशी म्हणाली, "आपन काय खलं बघत बसायचं काय?" तिचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते माझं, आणि ते कुठं चुकलं हे मला नेमकं माहीत आहे. घर बांधलं ही चूक नव्हती. हिराजी मिस्त्रींनी दोरी धरली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मधी तीन हात गल्ली सोर. वहिनीच्या खिरक्या हायेत." तीन हात सोडले असते तर त्या बाजूची एक-एक खोली, खाली एक आणि वर एक, गेली असती. एवढाच प्रश्न होता. मी विचार केला असं म्हणू शकत नाही. "नको," म्हणालो. "पान्यापुरती वीत सोरा." आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. वहिनीला मी हे सांगितलंच नाही. तिच्या भाचीच्या लग्नाला ती दादाला आणि मुलांना घेऊन चार दिवस जासईला गेली, तेच चार दिवस मी धरले. विटा उतरवल्या, पाया खणायला लावला. मुद्दाम धरले का, असं कुणी विचारलं तर मी आजवर नाही म्हणत आलो. हो, मुद्दाम धरले.

ती आली तेव्हा पाया कमरेएवढा खोल झाला होता. आल्या आल्या पिशवीही खाली न ठेवता ती मधल्या खिडकीत येऊन उभी राहिली. मी खाली खड्ड्याच्या कडेला. मला वाटलं, आता ती बोलेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, मुलींची, मिठागराची, नोटिशीची, सगळी खरी उत्तरं. तिनं विचारलं, "किती मजलं घेताय?" मी म्हणालो, दोन. तिनं खड्ड्यात पाहिलं. मग म्हणाली, "पाया बरा खोल घ्या भावोजी. खाली खाजन हाय." खाजण म्हणजे खाडीची मऊ माती, तिच्यावर घरं खचतात. एवढं बोलून ती आत गेली. माझी सगळी उत्तरं माझ्याजवळच राहिली. दादा जासईहून परस्पर कामावर गेला होता, तो संध्याकाळी कारखान्यातून आला आणि ओरडला, सगळ्या गल्लीनं ऐकावं एवढं. तेव्हाही आतून तिचाच आवाज आला, की भावोजींनी त्यांच्या जाग्यावं बांदलंय, तुमी गप रवा. दादा गप्प झाला तो माझ्यापुरता कायमचा. तिच्या मयताच्या दिवशीही तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि तो बोलावा अशी माझी अपेक्षाही नाही.

भिंत वर चढायला तीन आठवडे लागले. रोज दोन थर. मी कामावर उभा असायचो तो पाठ खिडक्यांकडं करून. आतलं शिवणाचं मशीन चालू असायचं, मग एके दिवशी ऐकू येईना. पुढं कळलं की तिनं ते पडवीत नेलं होतं. दादानं माळ्यावर दोन काचेची कौलं बसवली, पण तो उजेड माळ्यावरच राहिला. बायका सूप घेऊन यायच्या बंद झाल्या. मुली दाखवायच्या तर आता वाशीला कुणाच्या तरी ब्लॉकमध्ये नेतात. वहिनीनं मात्र आमच्याशी काही तोडलं नाही. सणाला तिच्याकडून ताट यायचं, देवळाला वळसा घालून, झाकलेलं. माझ्या मुलींची कापडं ती शिवायची. वाटेत भेटली तर विचारायची, "भारोत्री बरी हायेत ना?" टोमणा असता तर मी सुखानं झेलला असता. त्यात टोमणा नव्हता. मीच तिच्या पडवीच्या आत जाणं सोडलं. बोलावलं तरी बाहेरच्या बाकावर बसायचो आणि काम आहे म्हणून उठायचो. माफी मागायची ठरवून मी किती वेळा गेलो आणि पाऊसपाण्यावर बोलून परत आलो, ते मलाच ठाऊक. या वर्षी तिला ताप येऊ लागला, येत-जात राहिला. ठाण्याला नेलं, आणलं. पुन्हा नेलं. मी मनात म्हणत होतो, बरी होऊन आली की बोलू... ती घरी आली आणि तीन दिवसांत गेली.

बाराव्याला जेवणं आटोपल्यावर वहिनीची थोरली मुलगी शोभा बाहेर आली आणि म्हणाली, "काका, आत या ना. सगले आत बसलेत." तिला नाही म्हणवेना. पाच वर्षांनी मी त्या हॉलमध्ये पाय ठेवला. दुपारचे दोन वाजले असतील. ट्यूब चालू होती. लाद्या तशाच स्वच्छ होत्या, डिस्टेंपर कोपऱ्यांत पोपडे धरून सुटला होता. तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. बायकांनी वर पाहिलं आणि मी कुठं बसावं ते न कळून मधल्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

माझ्या घराची ती बाजू मी कधी पाहिली नव्हती. तिला गिलावा नाही. वीतभर जागेत गवंडी शिरणार कसा? तिकडं कोऱ्या विटा असणार असं मी धरून होतो. पण गजांपलीकडं भिंत पांढरी होती. चुन्याचे थरावर थर बसलेले. पांढरं खिडकीपेक्षा जरा मोठं, चारी बाजूंनी थोडं बाहेर गेलेलं, आणि कडा गोलसर, वाकड्यातिकड्या. पहिल्या खिडकीसमोर तसंच, तिसऱ्यासमोर तसंच. मी शोभाला विचारलं, "ह्ये कोनी केलं?"

"आईनं," ती म्हणाली. "दर दिवालीला मारायची. गजांतून हात घालून, जिथवर जाईल तिथवर. सांगायची, पांढरं असलं की उजेर परततो."

"मग यायचा उजेर?"

शोभा आईसारखीच आहे, बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही. "नाय काका. लाईट लावायलाच लागायची. आमी तिला किती वेला सांगितलं."

मी तिला ट्यूब बंद करायला सांगितली. का सांगितली, तेव्हा मला कळलं नाही. तिनं बटण दाबलं. बसलेल्या बायका दिसेनाशा झाल्या, मग लाद्या, मग ते पांढरंही गेलं. डोळे सरावतील म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. वर माझ्या खोल्यांमधून भाडेकऱ्यांचा रेडिओ ऐकू येत होता. पाच बिऱ्हाडं आहेत तिथं, तीन मुलींपैकी दोघींची लग्नं त्या खोल्यांवर झाली. ती भिंत आता पडणार नाही, हे मला माहीत आहे, दादाला माहीत आहे, आणि वहिनीला तर ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डोळे सरावले नाहीत. मी गजांतून हात बाहेर घातला. चुना बोटांना लागला, गुळगुळीत, थंड. हात आणखी लांबवला. माझा हात वहिनीच्या हातापेक्षा बराच लांब आहे. चुना संपला, आणि बोटांना कोरी वीट लागली.